लीलची मोटार आणि भिंतीवरचे नाव
(वार्षिक संमेलनातील भाषण)



प्रवासवर्णन सांगण्यासाठी मला येथे उभे केले आहे. परंतु मी काही मोठा प्रवासी नव्हे. गेल्या वर्षी मुलीकडे म्हणून पॅरिसला गेलो आणि तेथून चार दिवस उत्तर फ्रान्समधील लील शहरी सपत्नीक राहिलो. पॅरिसचा मनोरा आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल, म्हणून त्याविषयी बोलत नाही. लीलला जाण्याचे कारण घरगुती होते. माझ्या आजोबांचे थोरले बंधू खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत होते. १९१४ साली ते फ्रान्सच्या रणांगणावर गेले, ते परत आले नाहीत. दर पितृपक्षात आमच्या घरी त्यांच्या नावाने पान वाढले जाते. परंतु ते नाव तिकडे कोठे कोरलेले आहे काय, हे कोणी जाऊन पाहिले नव्हते.

लील हे शहर पायी हिंडण्याचे आहे. तेथे मोटार ही केवळ अडचण. १६५३ साली पुरी झालेली जुनी व्यापारपेठ चोवीस घरांनी एक चौक वेढून उभी आहे. त्या चौकात आता जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात आणि कोपऱ्यात म्हातारे बुद्धिबळाचे पट मांडतात. चौदाव्या लुईने १६६७ साली शहर जिंकल्यावर वोबाँ या दुर्गरचनाकाराने पंचकोनी किल्ला बांधला. आपल्या गिरिदुर्गांवर वाढलेल्या डोळ्यांना तो प्रथम किल्ला वाटतच नाही. सपाट भूमीवर उंचीचा आधार नाही, म्हणून सारे सामर्थ्य कोनांत आणि खंदकांत साठविले आहे. लुई पाश्चर १८५४ साली येथील विज्ञानशाखेचे प्रमुख होऊन आले आणि मद्यार्क करणाऱ्यांच्या तक्रारींवरून आंबण्याच्या क्रियेकडे वळले. शहराखाली १९८३ पासून चालकाविना धावणारी भुयारी गाडी आहे. तिच्या पुढच्या काचेशी माझी पत्नी लहान मुलासारखी उभी राहिली, हे तिच्या परवानगीने सांगतो.

परंतु ज्या गावासाठी आलो ते नव-शापेल सुमारे पंचवीस किलोमीटर दूर, शेतांच्या मध्ये. आगगाडीने जवळच्या गावापर्यंत जाता येते, पुढे पायपीट. तेव्हा मोटार भाड्याने घेण्याचे ठरले. चाळीस वर्षे डाव्या बाजूने गाडी चालविलेल्या माणसाने चौसष्टाव्या वर्षी उजवीकडून चालवावी काय, यावर आमच्या दोघांत एक संध्याकाळ गेली. शेवटी पत्नी म्हणाली, "तुम्ही चालवा, मी मोठ्याने 'उजवीकडे, उजवीकडे' म्हणत राहीन." आणि तिने तसेच केले.

ज्यांना हे करावयाचे असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या दोन गोष्टी. निघण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा; तो वर्षभर चालतो, आणि त्याच्यासोबत मूळ परवानाही जवळ लागतो. बहुतेक गाड्या हाताने गिअर बदलण्याच्या असतात, आणि तेथे तो उजव्या हाताने बदलावा लागतो. स्वयंचलित गाडी हवी असल्यास आधी सांगावे. अनामत रक्कम चालकाच्याच क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. गाडी घेताना तिचा प्रत्येक ओरखडा टिपून, छायाचित्र काढून ठेवावा. मी घाईत ते केले नाही, आणि परत देताना मागील दाराखालच्या एका जुन्या ओरखड्याचे पैसे मला द्यावे लागले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

रस्त्याचे म्हणाल, तर आपल्याकडे वर्तुळाकार चौकाला आपण देवळासारखी प्रदक्षिणा घालतो. तेथे ती उलटी घालावी लागते, आणि आधीच फेऱ्यात असलेल्याला वाट द्यावी लागते. याहून कठीण नियम म्हणजे, जेथे कोणतीच पाटी नाही अशा नाक्यावर उजव्या हाताच्या गल्लीतून येणाऱ्याचा अधिकार पहिला. पिवळ्या चौकटीची पाटी दिसली म्हणजे हमरस्ता आपला. ती दिसेनाशी झाली की सावध व्हावे. ला बासे गावाजवळ एका ट्रॅक्टरवाल्याने मला हा नियम हाताच्या एका खुणेने शिकविला, तोही न चिडता.

ला बासेपासून एस्तेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना बीटाची आणि बटाट्याची शेते. भूमी इतकी सपाट की विटांच्या घराचे छप्परदेखील टेकडी वाटावी. मनुष्याने येथे लपावे कोठे? खंदकांची लढाई येथेच का रुजली, ते पुस्तकांपेक्षा त्या रस्त्याने मला अधिक समजाविले. नांगराच्या फाळाला तोफगोळे अजून लागतात.

भारतीय सैन्याच्या लाहोर आणि मीरत या दोन पायदळ डिव्हिजन्स १९१४ च्या शरदात मार्सेय बंदरात उतरून इकडे आल्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव-शापेल परत घेण्यासाठी ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या पुढे गेल्या. पूल बांधणे, खंदक खणणे हे ज्यांचे काम, ते त्या दिवशी संगिनी लावून घराघरातून लढले आणि मोठ्या संख्येने पडले. पुढच्या मार्चमध्ये, १० ते १३ तारखांना, याच गावासाठी पुन्हा मोठी लढाई झाली.

नाक्यावरच हर्बर्ट बेकर यांनी उभारलेले भारतीय स्मारक आहे. १९२७ साली त्याचे उद्घाटन झाले. वर्तुळाकार आवार, अर्ध्या भागाला दगडी जाळी, मध्ये कमळाच्या शीर्षाचा स्तंभ, त्याच्या दोहों बाजूंस दोन वाघ. रस्त्यापलीकडे पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी. आत आम्ही दोघेच होतो. ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाही अशा साडेचार हजारांहून अधिक सैनिकांची नावे भिंतीवर आहेत, पलटणीप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे.

सॅपर्सच्या रांगेत आमचे नाव सापडले. ते दोनदा होते.

आडनाव नाही, गाव नाही. त्या काळी लष्कर केवळ नाव लिही. ठेवलेल्या नोंदवहीत एकापुढे पित्याचे नाव व गाव होते, ते आमचे नव्हते. दुसऱ्यापुढे काहीच नव्हते. म्हणजे दुसरे आमचे, असे म्हणावे काय? पत्नी म्हणाली, "म्हणा." मी शिक्षक होतो, पुराव्याशिवाय म्हणवत नाही. मात्र हात मी त्या दुसऱ्या नावावरच ठेवला, आणि पत्नीने पर्समधून आणलेले तीळ दोन्ही नावांखाली वाहिले.

दोघांचे क्रमांक टिपून आणले आहेत. त्या युद्धातील पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असे. आमच्या घरी आलेले चांदीचे पदक कोणा एका अडचणीच्या वर्षी सोनाराकडे गेले. आपणांपैकी कोणाच्या घरी असे पदक, पेन्शनचे पुस्तक अथवा पत्र असेल, तर त्यावरील क्रमांक उतरून संस्थेच्या कार्यालयात द्यावा. तेथील यादी मी स्वतः ठेवणार आहे.