इंजिन उघडल्यावर

(मोटार-कामगारांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



‘इंजिन गेले’ हे शब्द गॅरेजात रोज कानी पडतात. मालकाच्या दृष्टीने तो निकाल असतो. जाणत्या मिस्त्रीच्या दृष्टीने ती केवळ तक्रार असते, आणि तक्रारीची चौकशी व्हावयाची असते. ही चौकशी कशी होते आणि तिचा हक्क कोणाकडे असावा, हा आजचा विषय आहे.

उदाहरणासाठी मुंबईच्या टॅक्सीतील पद्मिनीचे इंजिन घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, फियाटच्या आराखड्यावरून ते तयार होई. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक आणि त्यावर ॲल्युमिनियमचे हेड अशी त्याची रचना. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. मात्र इतकी वर्षे तिला चालती ठेवण्याचे श्रेय जितके कारखान्याचे, तितकेच रस्त्याकडेच्या गॅरेजांतील कामगारांचे आहे.

असे बंद पडलेले इंजिन उघडण्यापूर्वीच बरेच काही सांगून जाते. तेल काढून पाहावे. ते दुधाळ झाले असेल, तर पाणी तेलात उतरले आहे. त्यात धातूचे चकचकीत कण दिसले, तर बेअरिंगे झिजली आहेत. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले आणि शेजारच्या दोघांतच ते घसरलेले आढळले, तर त्या दोहोंमधील गॅस्केट जळाल्याचा संशय बळावतो. कनेक्टिंग रॉडची टोपी त्याच रॉडबरोबर घडवलेली असते. म्हणून सुटा झालेला प्रत्येक भाग खूण करून, क्रमाने मांडावा लागतो. घाईने ढीग घातला की पुरावा नष्ट झाला.

येथे खरा विवेक लागतो. चारांपैकी एकच बेअरिंग वितळलेले आणि उरलेली तीन धड असली, तर दोष त्या एका ठिकाणापुरता, बहुधा तेलाच्या वाटेत आहे. चारही सारखीच खरवडलेली असली, तर पंप, तेलाची पातळी किंवा तेलाची घाण यांच्याकडे वळावे लागते. हेड वाकले असेल, तर ते का तापले हा पुढचा प्रश्न असतो: रेडिएटर तुंबला, पाण्याचा पंप थकला, की पाणीच भरले गेले नव्हते? हे न विचारता नवे गॅस्केट बसवणारा कामगार गाडीला दुसऱ्यांदा गॅरेजात येण्याचे निमंत्रणच देतो. मोडलेला भाग हा पुष्कळदा बळी असतो; गुन्हेगार दुसरीकडे असतो.

यानंतर काय वाचवावयाचे ते ठरते, आणि ते डोळ्यांनी नव्हे, मापाने ठरते. क्रँकचा जर्नल मायक्रोमीटरने मोजला आणि तो थोडा अंडाकृती झालेला निघाला, तर क्रँक घासून घेऊन अंडरसाइज बेअरिंग बसवता येते. सिलिंडर झिजले असतील तर रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात. किंचित वाकलेले हेड सपाट करून घेता येते. उष्णतेने निळा पडलेला रॉड मात्र दयामाया न दाखवता बाजूला काढावा. जुनी गॅस्केटे, ऑइल सील व बेअरिंगची कवचे पुन्हा बसवू नयेत. तेथे केलेली काटकसर महाग पडते. स्टार्टर, फ्लायव्हील, कार्बुरेटर यांसारखे भाग तपासणीत उतरले, तर ते दुसऱ्या गाडीत वर्षानुवर्षे चालतात. अशा रीतीने ‘गेलेल्या’ इंजिनाचा बराचसा भाग परत मिळतो.

परंतु या ज्ञानाचे मोल कोण देतो? ग्राहक नव्या भागाचे पैसे निमूटपणे देतो. दोन दिवस मोजमाप करून ‘हा क्रँक चालेल’ असे सांगणाऱ्याला तो मजुरी देताना कुरकुरतो. मग नवे इंजिन बसवा म्हणणाऱ्याचे फावते आणि वाचवणारा उपाशी राहतो.

दुसरा अडसर याहून मोठा आहे. आजच्या गाडीत इंजिनाबरोबर संगणक असतो, आणि त्याला बोलते करण्याची साधने, सुटे भाग व दुरुस्तीची पुस्तके कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांपुरती राखण्याची प्रवृत्ती आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी याच आक्षेपावर १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाविरुद्ध अपिले झाली. पण स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि माहिती नाकारणे गैर आहे, हे तत्त्व त्या आदेशाने लेखी नोंदवले.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. निदानाची मजुरी वेगळी धरली जावी. मापाची साधने एकेका गॅरेजाला परवडत नसतील, तर ती सहकारी तत्त्वावर सामाईक असावीत. दुरुस्तीची माहिती मराठीतून, स्वस्तात उपलब्ध व्हावी. ज्यांच्या हाताला तेल लागते, त्यांनाच आत काय आहे हे पाहण्याचा हक्क नाकारणारी व्यवस्था टिकू देता कामा नये. इंजिन उघडणारा हात भंगारवाल्याचा की जाणत्या कामगाराचा असेल, हे या मागण्यांवर ठरणार आहे.