चित्रांचे अंकगणित



छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी एक समजूत आपल्यात फार दिवस नांदत होती. अलीकडे तिच्या जागी दुसरी येऊन बसली आहे. ती अशी की, आता कोणत्याच छायाचित्रावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या मते या दोन्ही समजुती एकाच अज्ञानाच्या पोटी जन्मल्या आहेत. संगणकात चित्र कशाचे बनते हे ठाऊक नसले म्हणजे माणूस एक तर आंधळा विश्वास टाकतो, नाही तर आंधळा संशय घेतो. हे अज्ञान दूर करण्यास बेरीज-वजाबाकी आणि थोडी चिकाटी यांहून अधिक भांडवल लागत नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम चित्र म्हणजे काय ते पाहू. चौकटीच्या कागदावरून कशिद्याची नक्षी उतरविताना आपल्या घरातील स्त्रिया घरे मोजून टाके घालतात. प्रत्येक घराला एक रंग, आणि सारी घरे मिळून मोर किंवा कमळ. संगणकातील चित्र याच जातीचे आहे. त्यातील एकेका घराला पिक्सेल म्हणतात. आपण त्याला ठिपका म्हणू. कृष्णधवल चित्रात प्रत्येक ठिपक्याला बहुधा ० ते २५५ यांपैकी एक अंक असतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र, मधले सारे करडे. रंगीत चित्रात तांबडा, हिरवा व निळा असे तीन अंक असतात आणि त्यांच्या मेळातून १,६७,७७,२१६ रंगच्छटा होतात. ४००० ठिपके रुंद व ३००० ठिपके उंच अशा छायाचित्रात १ कोटी २० लाख ठिपके, म्हणजे ३ कोटी ६० लाख अंक झाले. चित्र म्हणून जे आपण पाहतो ते या कोष्टकाचे दर्शनी रूप होय.

या कल्पनेचा इतिहास मनोरंजक आहे. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र यंत्राने वाचवून संगणकात घातले. चित्र पाच सेंटिमीटर लांबरुंद. ठिपके १७६ गुणिले १७६. पुढे जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याच्या एका चित्रात २०० गुणिले २०० ठिपके होते, आणि एक चित्र पृथ्वीवर पोचण्यास आठ तासांहून अधिक वेळ लागे. तेथील अभियंत्यांना तेवढा धीर निघेना. त्यांनी येणारे अंक कागदाच्या पट्ट्यांवर छापून घेतले, त्या पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि रंगीत खडूंनी अंकांप्रमाणे रंग भरले. मंगळाचे ते चित्र असे हाताने रंगवून सिद्ध झाले. अंक आणि चित्र एकच, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता चित्रात फेरफार कसा करावयाचा? चित्र म्हणजे अंक, तेव्हा फेरफार म्हणजे हिशेब. पायथनसारख्या संगणकभाषेत नवशिक्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या आज्ञांचा मराठी अर्थ असा: चित्रातील प्रत्येक ओळ घे, त्या ओळीतील प्रत्येक ठिपका घे, त्याचा अंक २५५ मधून वजा कर, बाकी त्याच जागी मांड. झाले! काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे. जुन्या फोटोच्या काचेवर दिसे तशी उलटी प्रतिमा तयार. हीच आज्ञा पुन्हा चालविली की मूळ चित्र परत मिळते.

परंतु प्रत्येक हिशेब असा उलटता येत नाही. चित्र उजळ करावे म्हणून प्रत्येक अंकात ४० मिळविले, असे समजा. २३० चे २७० होतात, २५० चे २९०. पण २५५ च्या वर जागाच नाही, म्हणून दोन्ही २५५ वर थांबवावे लागतात. पुढे पश्चात्ताप होऊन ४० वजा केले, तर दोघांचेही २१५ होतात. मूळचा २० चा भेद गेला तो गेलाच. अंगणातल्या उन्हात वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीची घडी त्या भेदातच होती. हा धडा पुस्तकात वाचून जितका ठसत नाही, तितका स्वतः चार ओळी लिहून ठसतो.

यावर कोणी म्हणेल, ‘फोनवर एक बोट टेकले की हे सारे होते, मग ही आज्ञांची कटकट कशाला?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, बोट टेकणाऱ्याला परिणाम दिसतो, निर्णय दिसत नाहीत. रंगीत चित्र कृष्णधवल करणे घ्या. तीन अंकांची सरळ सरासरी काढून चालेल असे वाटते; पण माणसाच्या डोळ्याला हिरवा उजेड अधिक प्रखर भासतो, म्हणून एका रूढ पद्धतीत हिरव्याला सुमारे ५९, तांबड्याला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन देतात. हे वजन कोणी तरी ठरविलेले आहे. आज्ञा लिहिणाऱ्याला ते स्वतः ठरवावे लागते.

आणखी एक गोष्ट सांगितली म्हणजे पुष्कळांना नवल वाटते. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणाऱ्या पटलावर रंगीत गाळण्यांची जाळी असते. तिची रचना कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चे. तीत प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. उरलेले दोन अंक शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून अदमासाने भरले जातात. म्हणजे अशा रंगीत छायाचित्रातील तीनांपैकी दोन अंक मोजलेले नसून हिशेबाने आलेले असतात! तेव्हा ‘या चित्रास हात लागला आहे काय?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता हिशेब झाला, कोणी केला आणि तो उघड सांगितला काय, हे विचारले पाहिजे.

एकच उदाहरण दोन अंगांनी पाहू. जुना मोडी कागद डागाळलेला आहे. १०० पेक्षा लहान अंक असेल तर ०, नाही तर २५५, अशी आज्ञा दिली की शाई उठून दिसते आणि न वाचता येणारा मजकूर वाचता येऊ लागतो. ही विद्येची सेवाच होय. पण १०० च्या जागी ६० घेतले तर एखादी फिकट रेघ नाहीशी होईल, आणि १५० घेतले तर डागाचीच रेघ होईल. मोडीत अक्षरांचे भेद मुळातच बारीक. एका रेघेने नाव बदलावे, नावाने जमिनीचा मालक बदलावा. म्हणून मूळ प्रत जपणे आणि कोणता आकडा घेतला ते लिहून ठेवणे, हे येथे कर्तव्य ठरते. उलट, स्थळे पाहताना मुलीच्या फोटोतील चेहऱ्याच्या अंकांत गुपचूप भर घातली जाते. गणित तेच, बेरीज तीच. पण ती लपविलेली आहे, आणि तिच्या मागे सावळ्या वर्णाची लाज आहे. हा दोष यंत्राचा नव्हे.

आमची विनंती एवढीच की, आपल्या घरी संगणक असेल तर सुटीत मुलांबरोबर आपणही बसावे. घरातलेच एखादे छायाचित्र घ्यावे, त्याची नक्कल करून मूळ बाजूस ठेवावे आणि नकलेवर उलट्या प्रतिमेची ती आज्ञा चालवून पाहावी. पुढे प्रत्येक ठिपक्याला त्याच्या शेजाऱ्यांची सरासरी द्यावी. चित्र मऊ, अंधुक होते. शेजाऱ्यांतील फरक काढावा, कडा उमटतात. एक आठवडा असे केले म्हणजे फोनवर आलेले चित्र पाहताना मन आपोआप एक क्षण थांबते. भोळेपणाने नव्हे आणि तुच्छतेनेही नव्हे. हिशेब तपासणाऱ्या माणसाच्या सावधपणाने. नागरिकाला आज या सावधपणाची गरज आहे आणि तो विकत मिळत नाही.