सही कुणाची?

(पेण-रोहा परिसरातील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण, शब्दांकित.)



आजच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘स्त्रिया आणि सर्जनशीलता’ असं छापलं आहे. सकाळी चहाच्या वेळी एका मावशींनी मला हळूच विचारलं, “सर्जन म्हणजे ऑपरेशन करतो तो डॉक्टर ना? मग आज तपासणी आहे का?” मावशी, तपासणी नाही. विषयच जरा सोपा करून घेऊ. बाई काही नवं करते, गाणं बांधते, मूर्ती रंगवते, गोष्ट लिहिते, तेव्हा तिला ते सुचतं कुठून? आणि करून झाल्यावर त्याच्याखाली नाव कुणाचं लागतं? माझ्या मते हे दोन प्रश्न एकाच गाठीत बांधलेले आहेत.

पेणपासूनच सुरुवात करते. पेणचा गणपती साऱ्या महाराष्ट्रात जातो, परदेशातही जातो. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे या भागांत घरटी म्हणावेत इतके कारखाने आहेत. कामानिमित्त मी त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी जाते. साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्तीचे सांधे बुजवणं, घासून गुळगुळीत करणं, रंगाचा पहिला हात, पितांबर, शेला, दागिन्यांवरची सोनेरी रेघ, यातलं बरंचसं काम बायकांच्या हातून होतं. डोळ्यांची आखणी शेवटी होते. आखणी करणाऱ्याला मान जास्त आणि मजुरीही जास्त. तो बहुतेक ठिकाणी पुरुष असतो. अलीकडे काही मुली आखणी शिकल्या आहेत आणि उत्तम करतात. पण पाटीवर नाव लागतं ते कारखान्याच्या मालकाचं, आणि बक्षीस मिळालंच तर तेही त्यालाच.

अशाच एका कारखान्यात शेला रंगवणाऱ्या एका बाईंनी मला चाळीसएक मूर्तींच्या रांगेतून भराभर बोट फिरवून दाखवलं, “ही माझी, ही माझी, ही नाही.” मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. तिच्या शेजारी बसणारी हसली. म्हणाली, “हिचा काठ बघा ना, टोकाला वळतो. मी लांबून ओळखते.” तो वळण घेणारा काठ कुठून आला म्हणून विचारलं, तर तो तिच्या आत्याच्या लुगड्याचा निघाला. आत्या वारली, लुगड्याची गोधडी झाली, गोधडीही विरली. काठ मात्र दरवर्षी गणपतीच्या खांद्यावरून कुणाकुणाच्या घरी जातो. त्या बाईला कुणी कलावंत म्हणत नाही, ती स्वतःलाही म्हणत नाही. पण तिचा हात ओळखणारी एक बाई तिच्या शेजारी रोज बसते. माझ्या अनुभवात सुचण्याची सुरुवात अशीच होते. आपलं काम वेगळं आहे हे आधी शेजारणीला दिसतं, मग आपल्याला.

दुसरं उदाहरण धवल्याचं. इथे बसलेल्या आगरी समाजातल्या बायकांना मी धवला काय सांगणार! पण रोह्याच्या वरच्या अंगाहून आलेल्या मैत्रिणींसाठी सांगते. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवलारीण गाते. पूर्वी कित्येक घरांत लग्न लागायचं तेच तिच्या तोंडून, भटजीविना. सगळे विधी तिच्या तोंडपाठ, कुठल्या वेळी काय म्हणायचं ते तीच ठरवणार, आणि नवरा-नवरीची नावं, मामाचं गाव, मांडवातला प्रसंग जागच्या जागी गाण्यात गुंफणारीही तीच. एका बाईने पुरोहितपण आणि कविपण दोन्ही सांभाळलं, तेही कुठली पदवी न मिळवता. आपल्याकडे स्त्रियांनी पौरोहित्य करावं की नाही यावर पुण्यामुंबईत परिसंवाद झाले, तेव्हा कुणी आपल्या धवलारणीला व्यासपीठावर बोलावलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी एका लग्नाची चित्रफीत मी पाहिली. शेवटी पाट्या आल्या. मांडववाल्याचं नाव, बँडवाल्याचं, जेवणवाल्याचं, शूटिंगवाल्याचं तर दोनदा. ज्या आजींचा आवाज त्या चित्रफितीत अर्धा तास आहे, त्यांचं नाव कुठेच नव्हतं. घरच्यांच्या मनात वाईट काही नसावं. त्यांना ते सुचलंच नाही.

आता हा धवला शब्द किती जुना आहे पाहा. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्ताने ‘धवळे’ रचले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव विद्यापीठात शिकवलं जातं. म्हणजे मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री हीसुद्धा लग्नात गाणं रचणारी बाई. तिचं नाव राहिलं, कारण तिच्या पंथाने लिहून ठेवण्याची शिस्त पाळली. आपल्या आजींचं राहत नाही, कारण लिहिणारं कुणी शेजारी बसत नाही.

बहिणाबाई चौधरींचंच घ्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या काम करता करता गाणी म्हणत आणि मुलगा सोपानदेव आणि नात्यातले एकजण ती उतरवून घेत. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, आणि गाण्यांचं पुस्तक निघालं १९५२ मध्ये. मुलगा स्वतः कवी होता म्हणून निदान एवढं तरी हाती लागलं. ज्यांचा मुलगा कवी नव्हता त्यांचं काय झालं असेल?

या प्रश्नाचं एक उत्तर पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांच्या कामात आहे. मुळशी तालुक्यातल्या डोंगरी गावांतल्या कष्टकरी बायकांबरोबर संघटनेचं काम करता करता त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे ते काम महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या आवाजासकट लोकांपुढे आणल्या. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट आकडा वाटत नाही. ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे, ही वाटते. ‘लोकगीत’ म्हटलं की आपण समजतो, ते कुणाचंच नाही, आभाळातून पडलं. ओवी एकीने सुरू केली, दुसरीने त्यात आपला भाऊ घातला, तिसरीने सासू घातली, हे खरंच. पण या तिघींना नावं होती.

आणि लिहून घेणारीही बाईच असली तर काय होतं, ते मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी दाखवलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधत या दोघी गेल्या, त्यांच्याशी बोलल्या, आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. १९२७ चा महाडचा सत्याग्रह आपल्याच जिल्ह्यातला. त्या चळवळीत बायका होत्या हे आपल्यापैकी कितीजणींना शाळेत कळलं? उर्मिलाताई रत्नागिरीच्या. पुढे २००३ मध्ये त्यांनी आत्मकथन लिहिलं, त्याचं नाव ‘आयदान’. आई बांबूची आयदानं विणायची, आणि आपलं लिहिणं त्या विणण्याशी जोडलेलं आहे, असं त्या सांगतात. लुगड्याच्या काठाची गोष्ट सांगितली ना मी, ती मला इथे आठवते.

आता आपल्या फिरत्या वहीबद्दल बोलते. नव्या मैत्रिणींना माहीत नसेल. चार वर्षांपूर्वी पेणच्या आठ आणि रोह्याच्या सहाजणींनी दोनशे पानी वही घेतली. जिला जे सुचेल ते तिने लिहायचं किंवा काढायचं आणि वही पुढे द्यायची. वही पेणहून रोह्याला जाते ती बहुधा रेल्वेने, कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीत, त्यामुळे तिच्या कडांना तेलाचे डाग आहेत. समासात दुसरीने काय वाटलं ते लिहायचं, हा नियम आपोआप झाला. आज सातवी वही चालू आहे. तिच्यात कविता आहेत, पोह्याच्या पापडाचं प्रमाण आहे, नवऱ्याच्या नावाने लिहिलेली आणि न दिलेली पत्रं आहेत, धाटावच्या कारखान्यांतून रात्री येणाऱ्या वासाचं वर्णन आहे, आणि एकीने फक्त बॉलपेनने काढलेली कुंडलिका नदी आहे, जिच्याखाली बाराजणींनी काही ना काही लिहिलंय. एक म्हणते, “हे बघून मी पण पेन घेतलं.” याहून मोठं परीक्षण कुठल्या समीक्षकाने केलंय?

पण वहीने त्रासही आणला. आपल्यातल्या एकीने जावेला होणाऱ्या मारहाणीबद्दल लिहिलं. नावं बदलली होती, तरी वही घरी पोचली तेव्हा घरच्यांनी ओळखलं. पान फाडलं गेलं. तिचं बैठकीला येणं बंद झालं. तेव्हा आपल्यात मोठा वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, असं घरातलं लिहायचंच कशाला, वही बदनाम होईल. काहीजणी म्हणाल्या, उद्याच मोर्चा नेऊ. दोन्ही झालं नाही. तिघीजणी पापड घ्यायच्या निमित्ताने तिच्याकडे गेल्या. पुन्हा गेल्या. चौथ्या खेपेला जाऊच बोलली, आणि आज ती जाऊ कायद्याचा सल्ला घेते आहे. लिहिणारी अजून बैठकीला येत नाही. मोबाइलवर आवाज पाठवते, आपल्यातली एकजण उतरवून घेते, आणि ते पान निनावी ठेवलं जातं.

त्यावर एका तरुण मैत्रिणीने मला विचारलं, “ताई, तुम्ही नावाचा एवढा आग्रह धरता, मग हे पान निनावी कसं चालतं?” चालतं. तिने स्वतः ठरवलं आहे, आणि वहीतल्या प्रत्येकीला माहीत आहे की ते कुणाचं आहे. धवला म्हणणाऱ्या आजींना कुणी विचारलंच नव्हतं. मला या दोन निनावी गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. भगिनीभाव, भगिनीभाव म्हणून आपण जो शब्द वापरतो, त्याचा अर्थ मला या वहीतून जेवढा कळला तेवढा एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत कळला नव्हता. मैत्रिणीचं नाव कधी मोठ्याने घ्यायचं आणि कधी गिळायचं, हे तिला विचारून ठरवायचं.

एक गोष्ट मात्र कडू आहे, ती बोलायलाच हवी. या सात वह्यांत कातकरी बाईचं एकच पान आहे. आपण म्हणतो, वही सगळ्यांची आहे. पण वहीचा जोर असतो दिवाळीनंतर, गणपतीचं काम जरा हलकं असतं तेव्हा. नेमक्या त्याच वेळी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर गेलेली असतात, परततात ती पावसाच्या तोंडावर. शिवाय वही कुणाच्या ओटीवर बसून वाचायची? वाडीवरची बाई मोळी घेऊन आली तर तिला अजून अंगणातच थांबवणारी घरं आपल्यातही आहेत, नाव घेत नाही. त्या एका पानावर भाताच्या तुसाने चिकटवलेला मासा आहे. किती देखणा! त्याच्याखाली समासात फक्त दोघींनी लिहिलंय. नदीला बारा आणि माशाला दोन. मासा काय नदीपेक्षा कमी चांगला होता?

२००८ मध्ये सेझच्या विरोधात पेणच्या बावीस गावांत सार्वमत झालं, तेव्हा मी कॉलेजात होते. त्या लढ्यातल्या बायका आजही सांगतात, मोर्च्यात चालताना जुन्या चालीवर नवे शब्द आपसूक यायचे, एकीची ओळ दुसरी उचलायची. ते शब्द आज कुणाकडे सलग लिहिलेले नाहीत. ज्यांच्या ओठांवर होते, त्यांतल्या काही आज या हॉलमध्ये आहेत. मला दुसऱ्या रांगेत दोघी दिसताहेत, खाली बघू नका!

म्हणून आजच्या दुपारच्या सत्रात भाषण कुणीच करणार नाही. चार गट करायचे. प्रत्येक गटात एक गाणारी किंवा सांगणारी, एक लिहिणारी, एक मोबाइलवर आवाज घेणारी. पानाच्या वर तिचं नाव, गाव, गाणं कुणाकडून शिकली तिचंही नाव. नाव नको असेल तर तसं तिने सांगायचं, दुसरीने ठरवायचं नाही. आठवी वही या वर्षी पावसात सुरू करायची, आणि ती पहिल्यांदा वाडीवर जाईल. कोण घेऊन जाणार ते जेवायच्या आधी ठरवू. रोह्याच्या मैत्रिणींना परतीची गाडी आहे, तेव्हा आता मी थांबते.