देवाने प्रतिनिधी पाठवला नाही



पदवीदानाला बोलावलेल्या पाहुण्याने पुढे कसं वागावं याबद्दल चार शब्द सांगावेत, अशी रीत आहे. ते चार शब्द तुमच्या शिक्षकांनी आजवर पुरेसे सांगितलेले असणार. म्हणून मी तुमच्याच अभ्यासक्रमातला एक धडा पुन्हा उघडतो. पेपर लिहून झाल्यावर पुष्कळांनी हुश्श म्हणून मिटलेला धडा आहे तो: त्रैक्य आणि देवाचं देहधारण.

परीक्षेतून हा विषय सुटला, मंडळीतून सुटणार नाही. बाप्तिस्म्याच्या जेवणात एखादे काका विचारतील, एक आणि तीन हा हिशेब कसा जमवता? दृढीकरणाच्या वर्गातली तेरा वर्षांची मुलगी विचारेल आणि ती काकांपेक्षा अवघड विचारेल. शेजारचे मौलाना विचारतील. आळंदीला जाणारा मित्र म्हणेल, यात काय नवल, आमच्याकडे अवतार आहेतच की. या सगळ्यांपुढे तुम्ही काय बोलाल याची मला उत्सुकता आहे, आणि थोडी धास्तीही.

धास्ती उपमांची आहे. पाणी, बर्फ आणि वाफ ही उपमा आपल्या रविवारच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती ऐकायला सोपी आहे आणि चूक आहे. एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा अशी रूपं पालटतो, असं तिसऱ्या शतकात रोममध्ये सबेलियस शिकवत होता. मंडळीने ते नाकारलं, आणि कारण साधं होतं. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा उतरतो आहे आणि पित्याची वाणी ऐकू येते आहे, हे सगळं एकाच घटकेला. देव नुसता मुखवटा बदलत असेल तर गेथशेमानेच्या बागेत येशू प्रार्थना कुणाला करत होता? इथे बर्फ आणि वाफ काही कामाला येत नाहीत.

मग हा विश्वास आला कुठून? ग्रीक तत्त्वज्ञांनी बसून रचला असं पुष्कळांना वाटतं. ग्रीक शब्द पुढे आले, हे खरं. पण सुरुवात ज्यांनी केली ते यहुदी होते. देव एकच आहे हे सकाळ-संध्याकाळ म्हणणारी, त्यापायी मरायला तयार असणारी ती माणसं. रोमन सम्राटाच्या पुतळ्यापुढे मान न झुकवणाऱ्या त्या लोकांतल्या काहींनी वधस्तंभावर मारल्या गेलेल्या एका सुताराला ‘प्रभू’ म्हणून प्रार्थना करायला सुरुवात केली. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पौलाच्या पत्रातला दुसरा अध्याय पाहा. देवाच्या रूपात असलेल्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, असं तिथे येतं. त्या ओळी पौलाच्याही आधीपासून मंडळीत गायल्या जात असाव्यात, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात. प्लिनी आपल्यातला नव्हता, त्याने तर काहींना देहदंडही दिला होता. म्हणून त्याची साक्ष मोलाची. उपासना आधी झाली, सिद्धांत मागाहून आला. आपण काय करतो आहोत हे समजून घ्यायला मंडळीला तीनशे वर्षं लागली.

निकेया हे गाव त्याच बिथिनिया प्रांतातलं. आज ते तुर्कस्तानात आहे, इझनिक नावाने. इ. स. ३२५ मध्ये तिथे जमलेल्या धर्मसभेला २०२५ मध्ये १७०० वर्षं झाली. तिथे ज्याच्यावर ठपका आला त्या अरियसबद्दल मला दोन शब्द बरे बोलायचे आहेत, कारण आपल्या वर्गांतून तो नाटकातल्या खलनायकासारखा येतो. तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू होता, साधा राहणारा आणि लोकांना आवडणारा. आपलं म्हणणं त्याने गाण्यांत बांधलं होतं. त्याची काळजी प्रामाणिक होती: देव एक आहे, अजन्मा आहे, त्याच्या थोरवीला धक्का लागू नये. म्हणून तो म्हणाला, पुत्र हा देवाने निर्माण केलेल्यांतला पहिला आणि सर्वांत श्रेष्ठ. पण निर्माण केलेलाच. तुमचे शेजारचे मौलाना येशूला थोर संदेष्टा मानतात. अरियस त्याला त्याहून कितीतरी वर बसवत होता. तरीही मंडळीने नाही म्हटलं.

का नाही म्हटलं, हे ज्याला कळलं त्याला हा सगळा विषय कळला. समजा, गावात पूर येतो. सरकार पाहणीला पथक पाठवतं, पथक अहवाल घेऊन जातं, पुढे मदतही येते. पण पाहणी करून गेलेला साहेब आणि चिखलात उतरलेला माणूस यांतला फरक गाव विसरत नाही. अरियसच्या मांडणीत पथक अतिशय वरच्या दर्जाचं होतं, पण ते पथक होतं. देव वरच राहिला. निकेयाला तरुण सेवक म्हणून गेलेला आणि पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झालेला अथनेशियस आयुष्यभर एकच मुद्दा लढला: जो आला तो देव नसेल तर देव आलाच नाही, आणि आपण होतो तिथेच आहोत. हा मुद्दा आकड्यांचा नाही. कुष्ठरोग्याला हात लावणारा तो हात कुणाचा होता, एवढाच प्रश्न आहे.

हा सिद्धांत सम्राट कॉन्स्टंटाइनने राजकारणासाठी मंडळीवर लादला, असं तुम्हाला मोबाइलवर आलेल्या चित्रफितीत हमखास ऐकायला मिळेल. सभा त्याने बोलावली, खर्च त्याने केला, आणि तेवढा राजाश्रय मलाही बोचतो. पण पुढचा इतिहास उलट गेला. त्याच कॉन्स्टंटाइनने अरियसला परत बोलावलं. मरणशय्येवर त्याला बाप्तिस्मा देणारा बिशप अरियसच्या गोटातला होता. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस आणि नंतर व्हॅलेन्स हे निकेयाच्या विरुद्ध बाजूला होते. अथनेशियसला पाच वेळा हद्दपार केलं गेलं, ४५ वर्षांच्या बिशपपदातली सुमारे १७ वर्षं त्याची वनवासात गेली. राजाश्रय होता, पण बराच काळ तो दुसऱ्या बाजूला होता. ३८१ मध्ये कॉन्स्टंटिनोपलच्या सभेत निकेयाचा विश्वास पक्का झाला आणि पवित्र आत्म्याची उपासना पिता-पुत्रांसोबत होते हे स्पष्ट मांडलं गेलं.

त्या काळात हा वाद बिशपांपुरता राहिला नव्हता. निस्साचा ग्रेगरी वैतागून सांगतो की, कॉन्स्टंटिनोपलमध्ये सुटे पैसे मागा, सराफ तुम्हाला पुत्र जन्मलेला की अजन्मा यावर प्रवचन देतो. पावाचा भाव विचारा, तर पिता मोठा आणि पुत्र धाकटा असं उत्तर येतं. ग्रेगरीला ते हास्यास्पद वाटलं. मला मात्र त्या सराफाचा हेवा वाटतो. आपल्या मंडळ्यांत जागेच्या मालकीवरून आणि पंच कमिटीच्या निवडणुकीवरून एवढा जीव टाकून भांडणारे मी पाहिले आहेत. देव कोण आहे यावरून तावातावाने बोलणारा अजून भेटायचा आहे.

याच ग्रेगरीचा थोरला भाऊ बेसिल. पवित्र आत्म्यावरचा त्याचा ग्रंथ तुम्ही अभ्यासला आहे. पण ३६९ च्या सुमारास कॅपाडोशियात दुष्काळ पडला तेव्हा त्याने धान्य दाबून बसलेल्या श्रीमंतांना उघड सुनावलं आणि भुकेल्यांसाठी अन्न उभं केलं. मग कैसरिया शहराबाहेर आजारी, निराधार आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत वसवली. ही दोन कामं वेगळी होती असं मला वाटत नाही. देव स्वतः देहात आला असं मानणाऱ्याला सडणाऱ्या देहाकडे पाठ फिरवता येत नाही. त्यांचा मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, हेच दुसऱ्या बाजूने सांगत होता. येशूला मानवी मन नव्हतं, तिथे देवच होता, असं म्हणणाऱ्यांना त्याने उत्तर दिलं की ख्रिस्ताने जे धारण केलं नाही ते बरंही झालं नाही. म्हणजे आपली भीती, आपलं न कळणं, आपलं रडणं, हेही त्याने घेतलं पाहिजे. ४५१ ची कॅल्सेडनची सभा शेवटी याच ठिकाणी पोचली: येशू पूर्ण देव आणि पूर्ण मानव. दोन्ही स्वभावांची सरमिसळ नाही, त्यांत बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही. चार नकार, आणि त्यांच्या मध्ये मोकळी जागा. ते कसं घडलं हे सांगायला सभा धजली नाही, आणि मला तिचा हा संकोच फार आवडतो. त्या वाक्यरचनेवरून कॉप्ट, आर्मेनियन आणि सिरियन मंडळ्या वेगळ्या झाल्या. केरळातल्या ऑर्थोडॉक्स बांधवांची परंपरा तिकडची. ते येशूला कमी मानतात असं कुणी तुम्हाला सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

आता आपल्या देशाकडे. केशवचंद्र सेन यांनी १८८२ मध्ये कोलकात्याच्या व्याख्यानात त्रैक्य समजावताना सत्, चित्, आनंद यांचा आधार घेतला. पुढे ब्रह्मबांधव उपाध्यायांनी त्याच धाग्यावर संस्कृत स्तोत्र रचलं, ते १८९८ मध्ये प्रसिद्ध झालं. हा प्रयत्न गंभीर होता, कारण सच्चिदानंदात तीन वेगळे देव नाहीत आणि तीन मुखवटेही नाहीत. ब्रह्मा-विष्णु-महेश यांच्याशी घातलेली सांगड मात्र टिकत नाही. तिथे उत्पत्ती, पालन, संहार अशी कामांची वाटणी आहे. आपल्या विश्वासात पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच काम करतात. अवताराबद्दलही तुमच्या वारकरी मित्राशी प्रेमाने पण नेमकं बोला. धर्माला ग्लानी येते तेव्हा तेव्हा देव येतो, हा गीतेचा विचार थोर आहे. आपलं सांगणं निराळं आहे: एकदाच, आणि मरेपर्यंत. म्हणून तर मतांगीकारात दर रविवारी आपण एका रोमन अधिकाऱ्याचं नाव घेतो. पंतय पिलात कुणी साधू नव्हता. १९६१ मध्ये कैसरियाच्या, म्हणजे समुद्राकाठच्या दुसऱ्या कैसरियाच्या, जुन्या नाट्यगृहात त्याचं नाव कोरलेला दगड सापडला. पुढे कधीतरी तो पायरी म्हणून वापरला गेला होता. असल्या माणसाचं नाव उपासनेत कशाला? तर हे घडलं, अमुक ठिकाणी, अमुक साहेबाच्या सहीने, हे विसरू नये म्हणून.

शेवटी आपल्या घरची एक गोष्ट, कारण प्रश्न विचारणाऱ्याचं काय करायचं हे तीत आहे. पंडिता रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यानंतर त्यांचे प्रश्न संपले नाहीत, वाढले. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, बिशपांचा अधिकार, सगळ्यांबद्दल त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घातला. तो पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापला आहे. ग्रंथालयात असेल तर सुट्टीत काढून वाचा. जेराल्डिनबाईंना या प्रश्नांत अहंकार दिसला. बीलबाई बाजूला बसून युक्तिवाद करत राहिल्या. संस्कृतात शास्त्र पढलेल्या बाईला कुणी गप्प बसवू शकलं नसतंच, पण दोघींच्या पत्रांतला फरक जाणवतो. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलींना घेऊन आल्या त्या याच रमाबाई. केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणण्याचं काम मरेपर्यंत करत राहिल्या त्याही याच. त्यांना अहंकारी ठरवून घालवून दिलं असतं तर नुकसान कुणाचं झालं असतं?

तेव्हा दृढीकरणाच्या वर्गातली ती मुलगी विचारेल तेव्हा बर्फ आणि वाफ सांगू नका, आणि हे गूढ आहे, प्रश्न विचारू नये, असंही म्हणू नका. मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा. छप्पर उकलून खाली सोडलेला पक्षाघाती आहे, येशू त्याला तुझ्या पापांची क्षमा झाली म्हणतो, आणि तिथे बसलेले शास्त्री मनात म्हणतात, देवावाचून हे कोण करू शकतो? शास्त्र्यांचा तो प्रश्न बरोबर होता. तो तिला वाचू द्या, स्वतःला विचारू द्या. उत्तर द्यायची घाई करू नका, आणि तिला प्रश्नासोबत एकटी सोडून चहालाही जाऊ नका.