लॅपटॉप फिरता, हिशेब एका जागी



आम्ही प्रभागसंघाचे हिशेब सांभाळणाऱ्या, लॅपटॉप पिशवीत घालून गावोगाव फिरणाऱ्या बायका. आज बोलायचंय ते त्या लॅपटॉपबद्दलच. "आमच्या गटाकडे कुठला आलाय लॅपटॉप!" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. लॅपटॉप तुमच्या हातात नसला, तरी तुमचा हप्ता त्यात लिहिलेला असतो. तो कुठे लिहिला जातो, कुठे राहतो आणि कसा हरवू शकतो, हे आपल्या प्रत्येकीला ठाऊक हवं.

आधी एक शब्द समजून घेऊ. प्रभागसंघाच्या कार्यालयात टेबलावरचा एक कॉम्प्युटर असतो. त्यातल्या एका फोल्डरमध्ये सगळ्या ग्रामसंघांच्या हिशेबाच्या फाईली असतात. कार्यालयाच्या वायफायवरून तोच फोल्डर लॅपटॉपवरही उघडता येतो. लॅपटॉपच्या पडद्यावर तो 'झेड' किंवा 'वाय' अशा अक्षराचा एक कप्पा म्हणून दिसतो. त्याला म्हणतात नेटवर्क ड्राइव्ह.

शेजारच्या घरातल्या कपाटाला आपल्या भिंतीतून खिडकी पाडावी, तसं हे आहे. खिडकीतून हात घालायचा, वही काढायची, लिहायचं, परत ठेवायची. वही मात्र शेजारच्याच कपाटात. आपल्या घरात ती आलेलीच नाही.

आता हा लॅपटॉप उचलून आपण दुसऱ्या गावच्या बैठकीला गेलो. खिडकी आपल्याबरोबर आली, पण तिच्यामागे कपाट नाही. लॅपटॉप सुरू केला, की 'सगळे नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत' असा संदेश येतो. 'झेड'वर लाल फुली दिसते. कुणी चुकून त्यावर बोट ठेवलं, तर लॅपटॉप कार्यालय शोधत बसतो. गोल चक्र फिरतंय, बायका ताटकळल्यात, आणि कुणीतरी म्हणतं, "मशीन बिघडलं." मशीन बिघडलेलं नसतं. ते नसलेलं दार ठोठावत असतं.

यावर उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये नेटवर्क ड्राइव्ह जोडताना 'रीकनेक्ट ॲट साइन-इन' असा एक चौकोन असतो. त्यात आधीपासूनच खूण केलेली असते. म्हणजे लॅपटॉप सुरू झाला, की तो आपणहून ती जोडणी शोधणार. जो लॅपटॉप कार्यालयातून हलत नाही, त्याला हे ठीक. फिरणाऱ्या लॅपटॉपवर ती खूण काढायची. जोडणी आधीच झालेली असेल, तर त्या ड्राइव्हवर उजवं बटण दाबून 'डिसकनेक्ट' करायचं. तेवढ्यानं कार्यालयातल्या फाईलींना काही होत नाही. फक्त खिडकी बंद होते.

मग कार्यालयात आल्यावर फोल्डर उघडायचा कसा? त्यासाठी डेस्कटॉपवर शॉर्टकट करून ठेवायचा. त्यात कार्यालयाच्या कॉम्प्युटरचं नाव आणि फोल्डरचं नाव द्यायचं. कार्यालयात असलो की उघडायचा, नसलो की हात लावायचा नाही. तालुक्याच्या प्रशिक्षण केंद्रात दुसरा सामायिक फोल्डर असेल, तर त्याचा वेगळा शॉर्टकट. आणि नाव लिहायचं ते ठिकाणाचं: 'कार्यालय', 'प्रशिक्षण केंद्र'. नुसतं 'झेड' वाचून नव्या ताईला काय कळणार?

जोडणी करताना कॉम्प्युटरचं नाव वापरा, १९२ पासून सुरू होणारा आकडा वापरू नका. तो आकडा वायफायचा राउटर वाटतो आणि तो बदलू शकतो. शिवाय पुष्कळ ठिकाणचे राउटर तेच ते आकडे वाटतात. इथे जो आकडा आपल्या कॉम्प्युटरचा, तोच दुसऱ्या गावी एखाद्या प्रिंटरचा असू शकतो.

कार्यालयात बसूनही फोल्डर दिसेना, तर कुणाला फोन करण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, टेबलावरचा कॉम्प्युटर चालू आहे का? वीज गेली असेल, किंवा बराच वेळ कुणी हात न लावल्यानं तो झोपी गेला असेल. दुसरी, लॅपटॉप कार्यालयाच्याच वायफायवर आहे ना? काल गावात मोबाईलचा हॉटस्पॉट लावला होता, आज लॅपटॉप त्यालाच चिकटून बसला, असं फार वेळा होतं. इंटरनेट छान चालतं, पण कार्यालयाचा फोल्डर काही दिसत नाही. तिसरी, नाव आणि पासवर्ड बरोबर आहे का? एवढ्या तीन गोष्टी तपासल्या, की बहुतेक वेळा घोळ सापडतो.

हे झालं जोडणीचं. पण मैत्रिणींनो, खरा धोका लाल फुलीत नाही. लाल फुली निदान डोळ्यांना दिसते. खरा धोका आहे तो कॉपीत.

गावात ड्राइव्ह उघडत नाही, म्हणून आपण आदल्या दिवशी फाईलीची कॉपी लॅपटॉपवर घेतो. त्यात वावगं काही नाही, काम तर करायलाच हवं. पण त्या क्षणी एका वहीच्या दोन वह्या झाल्या. पुढे काय होतं ते ऐका.

समजा, एका ताईंच्या कर्जाची बाकी १८,००० रुपये आहे. सोमवारी आपण फाईल लॅपटॉपवर घेतली. मंगळवारी गावच्या बैठकीत ताईंनी मुद्दलापोटी १,५०० रुपये भरले. लॅपटॉपच्या फाईलीत बाकी झाली १६,५००. त्याच मंगळवारी कार्यालयात बसलेल्या दुसरीनं मूळ फाईल उघडली आणि वेगळ्याच एका सदस्येच्या बचतीतली २०० रुपयांची चूक दुरुस्त केली. आता कार्यालयाच्या फाईलीत ती दुरुस्ती आहे, पण हप्ता नाही. लॅपटॉपच्या फाईलीत हप्ता आहे, पण दुरुस्ती नाही. दोन्ही फाईलींचं नाव एकच, आणि दोन्ही अर्ध्याच खऱ्या.

बुधवारी लॅपटॉपची फाईल कार्यालयाच्या फोल्डरमध्ये टाकली. कॉम्प्युटर विचारतो, 'या नावाची फाईल आधीच आहे, बदलू का?' घाईत 'हो' म्हटलं, की २०० रुपयांची दुरुस्ती गेली. आणि उलट झालं, म्हणजे कार्यालयाची फाईल लॅपटॉपवरच्या फाईलीवर पडली, तर ताईंचा हप्ता गेला. ताईंच्या हातातल्या पासबुकात हप्ता भरलेला, आणि कॉम्प्युटरवर त्या थकबाकीदार! बँकेपुढे कर्जाचा प्रस्ताव जातो तो कॉम्प्युटरचा कागद घेऊन. शब्द जातो तो ताईंचा आणि सगळ्या गटाचा.

कार्यालयात असं का होत नाही? कारण सामायिक फोल्डरमधली एक्सेलची फाईल एकीनं उघडली असेल, तर दुसरीला कॉम्प्युटर सांगतो, की ही फाईल वापरात आहे, तुम्ही फक्त वाचू शकता. म्हणजे तिथे वहीवर राखण असते. फाईलीची कॉपी बाहेर पडली, की ती राखण संपली. मग राखण आपणच करायची. ती कशी, ते सांगतो.

सगळ्यात आधी, मूळ फाईल कुठली ते ठरवा. आमचं म्हणणं, मूळ म्हणजे कार्यालयाच्या फोल्डरमधली. बाकी सगळ्या कॉप्या. हे प्रभागसंघाच्या बैठकीत बोलून इतिवृत्तात लिहून ठेवा. नाहीतर पेनड्राइव्हवर एक, मोबाईलवर एक, लॅपटॉपवर तीन. एक ना धड, भाराभर चिंध्या!

दुसरं, सगळ्या गावांची मिळून एक मोठी फाईल करू नका. प्रत्येक ग्रामसंघाची फाईल वेगळी. ज्या गावाला जायचं, त्या गावाचीच फाईल बाहेर काढा. बाकी गावांचं काम कार्यालयात बिनघोर चालू राहतं.

तिसरं, एक साधी कागदी वही टेबलावर ठेवा. तिचे पाच रकाने: तारीख, फाईल, कुणी नेली, कुठल्या गावी, परत कधी आली. शेवटचा रकाना कोरा आहे तोवर कार्यालयातल्या त्या फाईलीत कुणी काही लिहायचं नाही. दुरुस्ती सुचली तर कागदावर टिपून ठेवा. गावातून परतल्यावर त्याच दिवशी, नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, फाईल परत जागेवर. मग लॅपटॉपवरची कॉपी काढून टाका.

चौथं, फाईल परत ठेवण्याआधी कार्यालयातली जुनी फाईल 'जुन्या फाईली' या फोल्डरमध्ये हलवा आणि नावापुढे तारीख लिहा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. अशी तारीख लिहिली, की फाईली आपोआप ओळीनं लागतात. काही चुकलंच, तर मागे जायला वाट राहते.

पाचवं, बैठकीत नोंद आधी पासबुकात आणि कीर्दीत, सगळ्यांसमोर, शाईच्या पेनानं. मग लॅपटॉपमध्ये. वीज जावो, लॅपटॉप पडो, कागद साक्षीला असतो.

ज्यांच्याकडे चांगलं इंटरनेट आहे, त्या गूगल ड्राइव्हसारख्या सोयीवर फाईल ठेवू शकतात. मग गावातूनही तीच फाईल उघडते. पण रेंज नसलेल्या गावात तिथेही प्रश्न तोच येतो, मूळ कुठली आणि कॉपी कुठली. विंडोजच्या प्रो आवृत्तीत नेटवर्क ड्राइव्हमधल्या फाईली बाहेरही वापरता याव्यात अशी सोय आहे, होम आवृत्तीत ती नाही. आणि सोय असली तरी दोन्हीकडे बदल झाले, तर कुठला ठेवायचा हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं.

आता सुरक्षिततेच्या चार गोष्टी. नेटवर्क ड्राइव्हवरची फाईल लॅपटॉपवरून डिलीट केली, तर ती कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, थेट जाते. म्हणून ज्यांना फक्त बघायचंय, त्यांना फक्त वाचण्याचीच परवानगी द्या. प्रत्येकीचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा. फोल्डर 'सगळ्यांसाठी' खुला ठेवू नका, त्यात आपल्या बायकांचे आधार आणि बँक खात्याचे नंबर आहेत.

परक्या वायफायला लॅपटॉप जोडताना, विंडोजमध्ये ते नेटवर्क 'पब्लिक' असं ठेवा. मग त्या जागेतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरना आपला लॅपटॉप दिसत नाही. 'प्रायव्हेट' फक्त आपल्या कार्यालयाचं.

अपडेट टाळू नका. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. तो फाईलींना कुलूप घालून पैसे मागायचा. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायचा, तो विंडोजच्या फाईल शेअर करण्याच्या सोयीतल्या एका फटीतून. ती फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं, त्यांच्याकडे ती वाट बंद झाली होती. आणि हो, विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. कार्यालयात जुना कॉम्प्युटर असेल, तर हा विषय पुढच्या बैठकीत घ्याच.

शेवटची गोष्ट, सामायिक फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. तो कॉम्प्युटर जळाला, तर सगळ्यांच्या खिडक्यांमागचं कपाटच गेलं. आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळा फोल्डर उतरवा. काम झालं की ती डिस्क काढून दुसऱ्या जागी, कुलपात ठेवा. जोडलेलीच राहिली, तर व्हायरस तिच्यातही शिरतो.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं आपण म्हणतो. लॅपटॉपचंही तसंच आहे. कार्यालयाला वाटतं हिशेब लॅपटॉपमध्ये, लॅपटॉपवालीला वाटतं कार्यालयात, आणि मध्ये हप्ता उपाशी राहतो.

म्हणून गटातल्या ताईंना आमचं एकच सांगणं. पुढच्या बैठकीत लॅपटॉप घेऊन कुणी आलं, की बिनधास्त विचारा, "ताई, ही मूळ फाईल की कॉपी? परत कधी जाणार? वहीत लिहिलंत का?" इंग्रजी येत नाही, कॉम्प्युटर येत नाही, म्हणून गप्प बसू नका. हा प्रश्न कॉम्प्युटरचा नाही. पै पै करून साठवलेल्या पैशाचा आहे, आणि तो विचारायचा हक्क प्रत्येक सदस्येचा आहे. पुढच्या महिन्यात पासबुक हातात घेऊन बसा, आणि आपली बाकी कॉम्प्युटरच्या बाकीशी एकदा ताडून बघा.

नमस्कार.