शिधापत्रिकेतील पूर्वज
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात आंबी येथे दिलेले व्याख्यान)



पूर्वजांचा शोध या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शिक्षक; इतिहासकार म्हणविण्याचा माझा अधिकार नाही. तरीही हजेरीपट आणि दाखले लिहिण्यात आयुष्य गेल्यामुळे साध्या कागदाचे मोल मला ठाऊक आहे, आणि त्या आधारावरच बोलतो.

वंशावळ म्हटली की आपली दृष्टी थेट शिवकाळाकडे धावते. मावळच्या माणसाला ते शोभतेही. परंतु आपल्या आजोबांचा चुलतभाऊ मुंबईत कोणत्या चाळीत राहत होता, हे आपल्यापैकी किती जणांस सांगता येईल? पुष्कळ घरांची साखळी अवघ्या ऐंशी वर्षांमागे तुटलेली आहे. ती जोडण्यास उपयोगी पडेल असा एक कागद आपण बहुधा रद्दी समजतो. तो म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील शिधापत्रिका, म्हणजेच रेशनकार्ड.

१९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी ग्रेगरी समितीने १ लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत शिधावाटप करावे, अशी शिफारस केली. त्या काळी आपल्या मावळ भागातील कितीतरी माणसे गिरण्यांत, गोदीत, हमालीवर आणि जेवणाचे डबे पोचविण्याच्या कामावर मुंबईत होती. गावच्या सातबाऱ्यात त्यांचे नाव असेल वा नसेल. शहरात सरकारी दुकानातील धान्य हवे तर शिधापत्रिका घ्यावीच लागे. युद्ध १९४५ साली संपले, पण शिधावाटप चालूच राहिले. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठू लागली आणि १९४८ साली ती पुन्हा आली. खेड्यात मात्र शेतकऱ्याकडून ठरलेल्या दराने सक्तीची धान्यवसुली, म्हणजे लेव्ही, होत असे. तिची पावती कोणाच्या पेटीत निघाली तर तीही जपावी.

विलायतेत अशा नोंदींचे महत्त्व लोकांनी केव्हाच ओळखले आहे. तेथे २९ सप्टेंबर १९३९ रोजी घरोघर नोंदणी झाली आणि तिच्या आधारे ओळखपत्रे व शिधापुस्तके देण्यात आली. इंग्लंड व वेल्स यांचे १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ साली आगीत जळाले, आणि १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. म्हणून १९२१ ते १९५१ या तीस वर्षांत आपले कुटुंब कोठे होते, हे शोधणाऱ्याला त्या नोंदवहीचाच मुख्य आधार उरला. २०१५ पासून ती लोकांसाठी खुली झाली आहे. आपल्याकडे जनगणनेतील घरोघरची माहिती १९४८ च्या कायद्याने गुप्त मानलेली आहे; ती आपणांस पाहता येत नाही. म्हणजे आपले दप्तर म्हणजे आपल्याच घरची ट्रंक!

अशी पत्रिका हाती लागली तर प्रथम पाहावे की नाव कोणाचे आहे, वडिलांचे नाव लिहिले आहे काय, पत्ता कोणता, माणसे किती आणि शिक्क्यावर तारीख कोणती. पत्ता बदललेला दिसला तर कारण शोधावे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीचा भीषण स्फोट झाला आणि मांडवी भागातील घरे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर तेथला पत्ता बदललेला असेल, तर त्या घरावर काय गुदरले असावे याचा अंदाज येतो.

पण एक सावधगिरी अवश्य बाळगावी. शिधापत्रिका म्हणजे वंशावळ नव्हे. एका खोलीत गावची पाच-सहा माणसे राहत. भाचा, मेव्हणा, शेजारचा पोर, सारे एकाच चुलीवर जेवत. पत्रिकेवर सात माणसे दिसली म्हणून सातही आपल्या वंशातली असे समजू नये. ती केवळ ‘कोण, कोठे, केव्हा’ एवढेच सांगते. नाते सिद्ध करावयाचे तर तिच्या जोडीला गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचे जनरल रजिस्टर आणि फेरफाराची वही लावून पाहावी. तीन कागद एक बोलले की मगच नाव पक्क्या शाईने लिहावे; तोवर पेन्सिलीने.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आंबी आणि नवलाख उंबऱ्याच्या शिवारात औद्योगिक वसाहत आली, जमिनीला भाव आला, आणि विसरलेले वारस एकाएकी आठवू लागले. ज्यांना आपण ‘मुंबईकडे गेलेले’ म्हणून सोडून दिले, त्यांची नातवंडे आज दारी आली तर त्यांना ओळखणार कसे? आणि आपण ओळखले नाही, तर ओळख पटविण्याची जागा कोर्ट हीच उरते. भाऊबंदकीचे निम्मे खटले अज्ञानातून उभे राहतात, असे माझे मत आहे. शिवाय सासरी गेलेल्या लेकींची नावे आपल्या जुन्या वंशावळींत सहसा नसतात. ती विचारून लिहिण्याची वेळ हीच आहे, कारण ज्यांना ती ठाऊक आहेत त्या आजीबाई आता नव्वदीच्या घरात आहेत.

तेव्हा माझी विनंती एवढीच की, या दिवाळीच्या साफसफाईत जुनी पेटी उघडाल तेव्हा पिवळा पडलेला कागद रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा वाचावा. त्याचे छायाचित्र काढावे, मागे कोणाचे घर ते लिहावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून त्यातील माणसांची नावे विचारावीत. मंडळाने यासाठी एक वही ठेवावी, असे मी सुचवितो. ज्याचा कागद त्याच्याच घरी राहावा. वहीत फक्त नोंद व्हावी.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार आता शिधापत्रिकेसाठी घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते. आणखी ऐंशी वर्षांनी आपली पतवंडे आपला शोध घेतील, तेव्हा त्यांना प्रथम पणजीचे नाव सापडेल. तिच्या मागचे कोणते नाव त्यांच्या हाती लागेल, हे आज आपण काय जपतो यावर अवलंबून आहे.