शाळेचे ग्रंथकपाट आणि मुलांचे प्रश्न
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या कौतुकाच्या या प्रसंगी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि शिक्षकाची सनद घेऊन सारे आयुष्य सातवीपर्यंतच्या वर्गांत घालविलेला मनुष्य. विद्वत्तेचा अधिकार मजकडे नाही. तथापि पारितोषिके घेणाऱ्या या मुलांकडे पाहून मला एका मुलीची आठवण झाली, व तिच्या बाबतीत मजकडून घडलेला एक अपराध आपणांसमोर सांगावा असे वाटले.

1992 साली मी ज्या शाळेत होतो, तेथील ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील एक लाकडी कपाट. गहाळ झालेल्या पुस्तकाची किंमत शिक्षकाकडून वसूल होईल या धास्तीने त्याचे कुलूप तपासणीच्या दिवशी तेवढे निघे. पुस्तके वाळवीने खाल्ली तरी चालतील, मुलांनी हाताळता कामा नयेत, असा एकूण न्याय होता. त्या वर्षी मी आग्रहाने ते उघडविले आणि सहावीच्या वर्गास शिवछत्रपतींवर निबंध लिहावयास सांगितले. एक मुलगी दोन पुस्तके घेऊन मजकडे आली. एकात महाराजांचे जन्मवर्ष 1627 होते, दुसऱ्यात 1630. तिने विचारले, "गुरुजी, यांतले खरे कोणते?" मी म्हणालो, "पाठ्यपुस्तकात असेल ते लिही. उगाच वेळ दवडू नकोस." तिने मुकाट्याने एक आकडा खोडला. पुढे वर्षभर ती कपाटाकडे फिरकली नाही. वस्तुस्थिती अशी की, उत्तर मलाच ठाऊक नव्हते. ते अज्ञान मी आवाज चढवून झाकले.

मनाला ती टोचणी लागली. उन्हाळ्याच्या सुटीत मी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात आठ दिवस बसलो. ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात 1627चा मे महिना दिला आहे. आपल्याकडील जुनी परंपरा वैशाख शुद्ध द्वितीया, शके 1549 मानीत असे, आणि 1549मध्ये 78 मिळविले की तेच वर्ष येते. पुढे कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी नोंद आहे. महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदाच्या संस्कृत शिवभारतातही तीच तिथी आढळते. येथे एक गोम आहे. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना असल्याने त्या वेळी इंग्रजी वर्ष पालटलेले असते. म्हणून 78 ऐवजी 79 मिळवावे लागतात आणि 19 फेब्रुवारी 1630 हा दिवस निघतो. आज शासकीय सुटी त्याच दिवशी असते. म्हणजे त्या मुलीच्या हातातील दोन्ही पुस्तके प्रामाणिक होती. त्यांच्या लेखकांनी आधार मात्र निरनिराळे घेतले होते.

त्या जूनपासून मी आठवड्यातून एक तास कपाटापाशीच घेऊ लागलो. प्रारंभी कोश कसा पाहावा हे शिकविले. अकारविल्हे क्रम येतो असे मुले ठासून सांगत, परंतु 'क्षेत्रफळ' शोधताना अडखळत. काही कोशांत क्ष शेवटी असतो, तर काहींत क च्या जोडाक्षरांत. अनुक्रमणिका पुढे असते व सूची मागे, आणि नेमके नाव हवे असल्यास मागून सुरुवात करावी, हे समजल्यावर तर मुलांना किल्लीच गवसल्यासारखे झाले. मग पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. तीवर आपला प्रश्न, पुस्तकाचे व लेखकाचे नाव, प्रकाशनाचे वर्ष आणि पृष्ठ मुलाने लिहावयाचे. शेवटची ओळ अशी: 'लेखकास हे कोठून कळले?' ही ओळ बहुधा कोरीच राही. तरी ती ठेवावी असे माझे मत होते, कारण आपले उत्तर कितपत भक्कम आहे हे मुलास त्या कोऱ्या जागेवरून कळते. उतारेच्या उतारे उतरविणारी मुलेही होती. त्यांना मी पुस्तक मिटून, आपल्या आईला सांगावे तसे मला तोंडी सांगावयास लावी.

आता मुलांच्या हाती मोबाईल आला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून निघालेला मराठी विश्वकोशसुद्धा, ज्याचा पहिला खंड 1976 साली आला, आज त्यावर वाचावयास मिळतो. सोय मोठी झाली. परंतु पहिले दिसेल ते उत्तर उचलण्याची घाई माझ्या त्या वेळच्या दटावणीपेक्षा निराळी नाही. आणि हे मुलांपुरतेच म्हणावे असेही नाही. आपल्या घरोघरच्या कुलवृत्तांतांत मूळपुरुष अमुक गावाहून अमुक साली आला असे आपण अभिमानाने छापतो. तेथेही ती शेवटची ओळ कोणी भरून पाहावी. रागवू नये, माझ्याही घरच्या वृत्तांतात ती कोरीच आहे.

अध्यक्षमहाशय, एक विनंती करून खाली बसतो. आपल्या वसतिगृहात देणगीदारांनी दिलेल्या पुस्तकांचे एक सुंदर काचेचे कपाट आहे. त्यास कुलूप आहे, व किल्ली चिटणीसांच्या घरी असते. ती आजपासून वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावी आणि शेजारी चिठ्ठ्यांची एक पेटी ठेवावी. पहिल्या वर्षी जी पुस्तके हरवतील त्यांची किंमत माझ्या निवृत्तिवेतनातून घ्यावी, असे पत्र मी चिटणीसांना आज सकाळीच दिले आहे.